पातळ, वाकणारा मायक्रोवेव्ह शोषक: खाऱ्या हवेत टिकेल असा कसा बनवायचा

बोटीच्या रडारवर कधीकधी नसलेलं जहाज दिसतं. खरं जहाज उजवीकडे तीन मैलांवर असतं आणि तेवढ्याच अंतरावर, पण केबिनवरच्या लोखंडी खांबाच्या दिशेला, आणखी एक ठिपका उमटतो. रडारचे तरंग त्या खांबावर आपटतात, तिथून जहाजाकडे जातात आणि त्याच वाटेने परत येतात. रडारला वाटतं जहाज खांबाच्या दिशेलाच आहे. त्या खांबाभोवती तरंग गिळणारं पातळ आवरण गुंडाळलं तर हा खोटा ठिपका फिका पडतो.

असं आवरण कसं बनवायचं, हे लोणेऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आणि हाताला काम हवं असलेल्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर पुरेसं आहे. सामान बहुतेक तालुक्याच्या गावात मिळतं. उरलेलं मुंबईला लॅमिंग्टन रोडला.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून टाका. या विषयावरच्या लेखांत, कुठल्या वारंवारतेला किती तरंग परत येतो ते दाखवणारे, उणे तीस, उणे चाळीस डेसिबलपर्यंत खोल गेलेले आलेख असतात. त्यांना भुलू नका. उणे दहा डेसिबल म्हणजे नव्वद टक्के शोषण, उणे वीस म्हणजे नव्व्याण्णव. त्यापुढची खोली खांबावर कुणाला कळणारही नाही. कळतं ते हे, की पावसाळ्यात आलेख थोडा सरकला तरी आपली वारंवारता त्या खड्ड्यातच राहते की बाहेर पडते. म्हणून इथून पुढे प्रत्येक पायरीवर खड्डा रुंद कसा होईल तेवढंच बघायचं.

काय हवंय ते कागदावर लिहा

लहान बोटींवरचं रडार बहुधा एक्स बँडचं (८ ते १२ गिगाहर्ट्झ) असतं, ९.४१ गिगाहर्ट्झच्या आसपास. तरंगलांबी ३१.९ मिमी. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढचा सगळा हिशेब यावर आहे. त्याखाली खांबाचा व्यास, आवरणाची चालेल तेवढी जाडी आणि तरंग कुठल्या कोनांतून येणार ते लिहा. सागरी रडारचं ध्रुवीकरण एक्स बँडमध्ये सहसा आडवं असतं, म्हणजे विद्युतक्षेत्र समुद्राच्या पृष्ठभागाला समांतर. उभ्या खांबावर याचा अर्थ असा, की आवरणावर येणाऱ्या चौकोनांच्या नक्षीचं जे माप खांबाभोवती फिरतं तेच निर्णायक. उभ्या मापात थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं.

आत काय घडतं

सपाट धक्क्यावर लाट आपटली की जशीच्या तशी मागे येते, टेट्रापॉड टाकले की तिथेच जिरते. धातूचा खांब हा आपला धक्का. जुना उपाय असा होता, की धातूपासून पाव तरंगलांबी अंतरावर ३७७ ओहम प्रति चौरस (म्हणजे कुठल्याही मापाच्या चौरस तुकड्याच्या समोरासमोरच्या कडांत तेवढा) रोधाचा एक पडदा लावायचा. ३७७ ओहम म्हणजे मोकळ्या अवकाशाचा इंपीडन्स, तरंगाला मिळणारा विरोध. पडद्याने तो साधला की तरंगाला पुढे भिंत आहे याचा पत्ताच लागत नाही. याला सॅलिसबरी पडदा म्हणतात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली कल्पना. अडचण जाडीची. ९.४१ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे जवळजवळ ८ मिमी, आणि ८ मिमीचं आवरण नीट वाकत नाही.

मेटामटेरियलची, म्हणजे पदार्थापेक्षा नक्षीतून गुण मिळवणाऱ्या रचनेची, युक्ती अशी, की ते अंतर नक्षीने भरून काढायचं. खाली अखंड धातूचा पत्रा, मध्ये पातळ रबर किंवा प्लास्टिक, वर तरंगलांबीपेक्षा लहान धातूचे चौकोन ओळीने. प्रत्येक चौकोन आणि खालचा पत्रा मिळून एक छोटा अनुनादक होतो. योग्य वारंवारतेला ऊर्जा त्यात अडकते आणि मधल्या थरात उष्णता होऊन संपते. खाली पत्रा असल्यामुळे पलीकडे काही जात नाही, त्यामुळे जे परत आलं नाही ते शोषलं गेलं असं समजायचं.

निसर्गात न मिळणारा गुण नक्षीतून आणायची ही कल्पना तशी जुनी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या मायक्रोवेव्हच्या वाटेत ठेवून ध्रुवीकरण फिरवून दाखवलं होतं. (आपल्याकडे सुंभ मुबलक आहे. कुणीतरी तोच प्रयोग काथ्यावर करून बघायला हरकत नाही.) आजच्या अर्थाचा मेटामटेरियल शोषक २००८ साली लँडी, स्मिथ, पॅडिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्यांनी बनवलेल्या नमुन्याचं गणितातलं शोषण ९६ टक्के होतं आणि प्रत्यक्ष मोजलेलं, ११.५ गिगाहर्ट्झला, ८८ टक्क्यांच्या थोडं वर. प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या हातून, एवढा फरक पडला. आपल्याकडे तर वर पाऊस आहे.

मधला थर निवडणं

इथे घाई करू नका. नवशिके नक्षीवर आठवडे घालवतात आणि मधला थर मिळेल तो घेतात. व्हायला हवं उलटं.

मधल्या थराचे दोन आकडे लागतात. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर चौकोनाचं माप ठरतं, लॉस टॅन्जंटवर ऊर्जा किती झपाट्याने जिरते ते. सिलिकॉन रबरच्या शीटचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३ च्या आसपास असतो, लॉस टॅन्जंट भरावानुसार ०.०१ पासून ०.०४ पर्यंत फिरतो. पॉलिएस्टर फिल्मचाही साधारण ३. पीसीबीच्या एफआर-४ चा ४.३ च्या आसपास आणि लॉस टॅन्जंट ०.०२, पण ते वाकत नाही. पॉलिइमाइड, म्हणजे ती पिवळसर तपकिरी फिल्म, लवचिक आहे आणि उष्णता सोसते. तिची खोड अशी, की ती पाणी पिते. पाण्यात बुडवून ठेवली तर वजनाच्या जवळपास तीन टक्के. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट कमी वारंवारतेला ८० च्या घरात असतो, १० गिगाहर्ट्झला थोडा उतरतो पण तरीही साठच्या आसपास राहतो आणि वर स्वतःचं भरपूर शोषण घेऊन येतो. म्हणजे किंचित ओलावासुद्धा तुमचा खड्डा खालच्या वारंवारतेकडे ओढतो. फेल्ट, कापड, कागद, उघड्या छिद्रांचा स्पंज हे सगळं शोषकाच्या लेखांत भेटेल. कोरड्या गावात ते चालतही असेल. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे हे सगळं बाद.

माझ्या मते पहिल्या नमुन्याला सिलिकॉन शीट घ्या. पाणी जवळजवळ पीत नाही, उन्हात लवकर तडकत नाही, कात्रीने कापता येते. वाईट एकच: त्यावर काही चिकटत नाही. साधा गोंद, दुहेरी टेप, सगळं सुटून येतं. सिलिकॉनलाच धरणारा सिलिकॉनचा गोंद लागतो आणि त्याचा थर सगळीकडे सारखा ओढावा लागतो.

पाकिटावर छापलेले आकडे कमी वारंवारतेचे असतात, त्यामुळे स्वतः मोजा. कॉलेजच्या मायक्रोवेव्ह प्रयोगशाळेत क्लायस्ट्रॉन (मायक्रोवेव्ह निर्माण करणारी नळी) बेंच असतो. वेव्हगाइडच्या, म्हणजे तरंग नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीच्या, बंद टोकाला नमुना बसवायचा, स्लॉटेड लाइनवर (लांब फट पाडलेल्या वेव्हगाइडवर) किमान बिंदू किती सरकला ते पाहायचं आणि त्यातून डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट काढायचा. एक्स बँडच्या वेव्हगाइडचं आतलं माप २२.८६ गुणिले १०.१६ मिमी. नमुना त्यात कडेकडेने घट्ट बसला पाहिजे, फट राहिली की उत्तर कमी येतं.

पहिला हिशेब

हा कागदावर, कॅल्क्युलेटरने करायचा. सॉफ्टवेअर उघडण्याआधी.

दोन चौकोनांच्या मध्यांतलं अंतर तरंगलांबीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा, म्हणजे तिरक्या कोनांतही तरंग भलत्या दिशांना फुटत नाही. आपल्यासाठी १५ मिमी. चौकोनाची बाजू म्हणजे साधारण अर्धी तरंगलांबी, भागिले डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटचं वर्गमूळ. ३१.९ चा अर्धा १५.९५, भागिले १.७३, आलं ९.२ मिमी. कडांशी क्षेत्र थोडं बाहेर फुगतं, म्हणून दोन्ही बाजू मिळून साधारण मधल्या थराच्या जाडीएवढं (खाली ती अर्धा मिमी निघते) वजा करा. सुरुवात ८.७ मिमीने करू.

आता जाडी. या आकड्याकडे नवशिक्यांचं लक्षच जात नाही. अनुनादकातून ऊर्जा दोन वाटांनी बाहेर पडते: परत हवेत, किंवा मधल्या थरात उष्णता होऊन. दोन्ही वाटांचा वेग सारखा झाला की परावर्तन शून्य होतं. थर फार पातळ असेल तर ऊर्जा नीट आत शिरतच नाही. फार जाड असेल तर जिरायच्या आत परत निसटते. चौकोनी नक्षीसाठी हा तोल साधारण असा जुळतो:

जाडी = ०.७८५ × डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट × अंतर × अंतर × लॉस टॅन्जंट ÷ तरंगलांबी

सगळी मापं मिमीमध्ये. आपल्या सिलिकॉनचा लॉस टॅन्जंट ०.०३ निघाला असं धरू. मग ०.७८५ × ३ × १५ × १५ × ०.०३ ÷ ३१.९, उत्तर ०.५ मिमी. तरंगलांबीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढी जाडी. हे सूत्र तांब्यातला व्यय धरत नाही आणि शेजारच्या चौकोनांचा एकमेकांवरचा परिणामही नीट धरत नाही, तरी सुरुवातीला योग्य गल्लीत नेऊन सोडतं.

तांब्याच्या जाडीची काळजी नको. या वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.७ मायक्रॉनमध्येच वाहतो, आणि बाजारातला तांब्याचा टेप ३५ मायक्रॉनचा असतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइलसुद्धा खालच्या पत्र्याचं काम करते.

आता रुंदी. तोल जुळलेला असताना उणे दहा डेसिबलखालची पट्टी वारंवारतेच्या साधारण लॉस टॅन्जंटच्या दोन-तृतीयांशाएवढी असते. इथे दोन टक्के, म्हणजे ९.४१ च्या दोन्ही बाजूंना जेमतेम ९५ मेगाहर्ट्झ. हा आकडा शेजारी ठेवून पुढच्या चुका मोजा. चौकोन कापताना ०.१ मिमीचा फरक पडला तर खड्डा शंभराहून जास्त मेगाहर्ट्झ सरकतो. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट मोजण्यात तीन टक्के चूक झाली तर एकशे चाळीस. म्हणजे यातली एकेक चूक एकटीच आपल्याला पट्टीबाहेर काढायला पुरेशी आहे, आणि अजून आपण घराबाहेरही पडलेलो नाही.

म्हणून हा अर्ध्या मिमीचा तांब्याचा नमुना शिकण्यासाठी करा, जरूर करा. बोटीवर लावायचा नमुना वेगळा, तो पुढे येतो.

सिम्युलेशन

पैसे भरून घ्यायची सॉफ्टवेअर्स कॉलेजात असतील तर उत्तम. नसतील तर ओपनईएमएस फुकट आहे. अनंत पसरलेली नक्षी दाखवण्यासाठी एकाच चौकोनाचा डबा करायचा. विद्युतक्षेत्र ज्या भिंतींवर काटकोनात आपटतं त्या दोन भिंती आदर्श विद्युतवाहक, उरलेल्या दोन आदर्श चुंबकीय भिंती. तरंग समोरून सरळ येत असेल आणि नक्षी दोन्ही अक्षांत सममित असेल तर एवढ्याने काम होतं. तिरक्या कोनांसाठी आवर्ती सीमा (एका भिंतीतून बाहेर पडलेलं समोरच्या भिंतीतून आत आणणाऱ्या) देणारं सॉफ्टवेअर लागतं.

सॉफ्टवेअर डब्याचे जे कप्पे पाडतं ती जाळी बारीक करा. अर्ध्या मिमीच्या थरात उभे किमान चार-पाच कप्पे हवेत, चौकोनाच्या कडांशी आणखी बारीक. जाळी दुप्पट बारीक केल्यावर खड्डा वीस मेगाहर्ट्झपेक्षा जास्त हलत असेल तर पहिलं उत्तर फेकून द्या.

वरचं संरक्षक आवरण पहिल्या दिवसापासून मॉडेलमध्ये घाला. नक्षीवर पॉलियुरेथेनची पातळ फिल्म बसणारच आहे, आणि ती खड्डा थोडा खाली ओढते. नंतर आठवण झाली की पुन्हा सगळे चौकोन कापावे लागतात. गोंदाचा थरही घाला.

मग सगळ्यात सुंदर आलेख बाजूला ठेवा आणि बिघडलेले आलेख काढायला बसा. बाजू ०.१ मिमी जास्त, ०.१ कमी. जाडी दहा टक्के जास्त, दहा टक्के कमी. कॉन्स्टंट तीन टक्के इकडे, तीन टक्के तिकडे. सगळे आलेख एकावर एक ठेवून पाहा, ९.४१ ची उभी रेघ प्रत्येकाच्या खड्ड्यातून जाते का. हा डोंगर उपसायचा कंटाळा येतो खरा, पण अभिकल्प म्हणजे हेच काम.

कापणं आणि चिकटवणं

गाड्यांच्या नंबरप्लेटवर आणि बोटींच्या नावांवर रेडियमची अक्षरं कापून देणारा माणूस प्रत्येक गावात आहे. त्याचं कटिंग मशिन हेच आपलं यंत्र. तांब्याचा रुंद टेप पॉलिएस्टर फिल्मवर सपाट चिकटवा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि चौकोनांची फाइल त्याला द्या. पात्याचा दाब आधी तुकड्यावर ठरवून घ्या: तांबं कापलं जावं, फिल्म नाही. नंतर चौकोनांमधलं नको असलेलं तांबं चिमट्याने उचलायचं. तीनशे मिमीच्या चौरस नमुन्यात वीस ओळी गुणिले वीस, चारशे चौकोन होतात. निवांत वेळ काढून बसा.

तिन्ही मापं एकदमच कापून घ्या: ८.४, ८.७ आणि ९.० मिमीच्या चौकोनांचे तीन नमुने. कुठला कुठे बसतो ते मोजलं की सिलिकॉनचा खरा कॉन्स्टंट आपोआप हाती येतो आणि चौथा नमुना अचूक कापता येतो.

फेरिक क्लोराइडने एचिंग (नको असलेलं तांबं रसायनात विरघळवणं) करणारे करोत, कडा जास्त सुबक येतात. उरलेलं द्रावण मात्र गटारात किंवा खाडीत ओतायचं नाही. तांबं माशांना विष आहे.

मोजणं

व्हेक्टर नेटवर्क ॲनलायझर (प्रत्येक वारंवारतेचं परावर्तन थेट दाखवणारं यंत्र) मिळाला तर प्रश्नच नाही. नवी मुंबईत खारघरला समीर या सरकारी संस्थेची मायक्रोवेव्ह चाचणीची सोय आहे, मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत विचारता येतं. पण त्याआधी कॉलेजचा क्लायस्ट्रॉन बेंच बघा. नेहमीची २के२५ नळी साधारण ८.५ ते ९.६६ गिगाहर्ट्झ चालते, म्हणजे आपलं ९.४१ त्यात आरामात बसतं.

दोन हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचे अँटेना) शेजारी शेजारी, एक पाठवणारा, एक घेणारा, किंचित आत वळवलेले, समोर मीटरभर अंतरावर नमुना. दोन हॉर्नच्या मध्ये पत्र्याचा तुकडा उभा करा, नाहीतर एकातून थेट दुसऱ्यात गळती होते. आधी नमुन्याच्या जागी तेवढाच ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. ॲटेन्युएटर (संकेत मोजून मंद करणारा भाग) वीस-पंचवीस डेसिबलवर ठेवून मीटरचं वाचन टिपून घ्या. पत्रा काढून नमुना लावा आणि मीटर पुन्हा त्याच वाचनावर येईपर्यंत ॲटेन्युएटर कमी करा. जेवढे डेसिबल कमी केले तेवढं शोषकाने परावर्तन खाली आणलं. मीटरच्या काट्यावरून थेट डेसिबल काढायच्या फंदात पडू नका, कारण डिटेक्टर वर्गाच्या नियमाने, म्हणजे वाचन शक्तीच्या प्रमाणात देत, फक्त मंद संकेतालाच चालतो.

आणि नमुना, पत्रा दोन्ही काढून एकदा रिकामी जागा मोजा. भिंती, टेबल, तुमचं स्वतःचं अंग यांच्याकडून जे परत येतं ती तुमची तळरेषा. ती पत्र्यापेक्षा पंधरा डेसिबलच खाली असेल तर वीस डेसिबलचा दावा करता येत नाही. आजूबाजूच्या गडबडीपासून मोजमाप वाचवायची धडपड आपल्या किनाऱ्याला नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अलिबागला हलवली होती. तुम्हाला अलिबाग गाठायला नको, प्रयोगशाळेचा पंखा बंद केलात आणि लोखंडी स्टूल बाजूला सारलंत तरी खूप फरक पडतो.

घेणारा हॉर्न नव्वद अंशांत फिरवूनही एकदा मोजा. काही वाकड्यातिकड्या नक्ष्या तरंग शोषत नाहीत, नुसतं त्याचं ध्रुवीकरण फिरवून परत पाठवतात. एकाच दिशेत मोजलं तर ते शोषण वाटतं. साध्या चौकोनाला समोरून हा रोग नाही, म्हणूनही पहिल्या नमुन्याला मी चौकोनच सांगतो.

बोटीवर लावायचा नमुना

इथे तांब्याऐवजी कार्बनची शाई येते. ऊर्जा आता मधल्या थरात जिरवायची नाही, चौकोनाच्या स्वतःच्या रोधात जिरवायची. थर थोडा जाड होतो, पट्टी मात्र कितीतरी रुंद.

जाडी किती कमी करता येते याला निसर्गाची मर्यादा आहे. संशोधक रोझानोव्ह यांनी ती २००० साली दाखवून दिली. चुंबकीय गुण नसलेल्या पदार्थाने ८ ते १२ गिगाहर्ट्झ सगळीकडे उणे दहा डेसिबल हवं असेल तर जाडी ०.७३ मिमीपेक्षा कमी होऊच शकत नाही, नक्षी कितीही चलाख असो. याहून पातळ आवरणात एवढी पट्टी मिळाल्याचा दावा कुणी केला तर नमुना परत मोजायला सांगा. आपण ३ मिमी घेऊ, ऐसपैस.

बंद छिद्रांचा ३ मिमी फोम घ्या, कॉन्स्टंट १.४ च्या जवळपासचा. खाली ॲल्युमिनियम फॉइल. वर पॉलिएस्टर फिल्मवर कार्बनच्या शाईने छापलेले ८.४ मिमीचे चौकोन, मध्यांतलं अंतर १० मिमी, शाईचा रोध सुमारे ९० ओहम प्रति चौरस. कागदी हिशेबाने हे आवरण ८ ते १२ गिगाहर्ट्झ पूर्ण पट्टीत उणे दहा डेसिबलच्या खाली राहतं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शाईचा रोध पंचवीस टक्के चुकला तरी ९.४१ ला परावर्तन उणे पंधराच्या खालीच असतं. तांब्याच्या नमुन्यात ०.१ मिमी जीव घेत होता, इथे तेवढ्याने काही बिघडत नाही.

छपाई लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे. शाई आपली न्यायची, जाळी त्याची. आधी त्याच शाईची १० मिमी रुंद, १०० मिमी लांब पट्टी छापा. हे दहा चौरस झाले. पट्टी पूर्ण वाळवून मल्टिमीटर लावा: ९०० ओहम आले तर ९० प्रति चौरस. कमी आले तर थर पातळ करा किंवा शाईत तिचाच पारदर्शक बेस मिसळा, जास्त आले तर दुसरा हात मारा. ओली शाई मोजू नका, वाळताना रोध बराच बदलतो.

वाकवणं, मीठ, पाऊस

खांबाचा व्यास १०० मिमी असेल तर परीघ ३१४ मिमी. नक्षी फिरून जिथे जुळते तिथे अर्धा चौकोन येऊ नये, म्हणून अंतर परिघाच्या हिशेबाने थोडं बदला. १५ मिमीच्या नमुन्यात २१ ओळी धरल्या तर सपाट कापताना अंतर १४.९६ मिमी. खालची फॉइल ताणत नाही, वरची बाजू ताणते, त्यामुळे गुंडाळल्यावर ते १५.१ च्या आसपास जातं. तांब्याचा चौकोन तेवढाच राहतो, वाढतात त्या मधल्या फटी, म्हणून अनुनाद फारसा हलत नाही. फोमच्या नमुन्यात १० मिमी अंतराची नक्षी बाहेरच्या परिघावर, सुमारे ३३३ मिमीवर, बसते, म्हणून तिथे हाच हिशेब ३३ ओळींचा. फोम ३ मिमी जाड असल्याने त्याची बाहेरची बाजू सहा टक्के ताणायला बघते, फिल्म तेवढी ताणत नाही. तेव्हा फोम आधी गुंडाळा आणि छापलेली फिल्म वरच्या परिघाच्या मापाने वेगळी कापून त्यावर चढवा. परीघ सूत्राने काढू नका, कागदाची पट्टी खांबाभोवती फिरवून मोजा. रंगाचे थर आणि गंज धरून खांब कधीच नेमका गोल नसतो.

गोल खांबाच्या कडांकडे तरंग तिरका पडतो. समोरून अचूक जुळवलेला शोषक ४५ अंशांवर साधारण तीन टक्के ऊर्जा परत पाठवतो, ६० अंशांवर अकरा टक्के. हे टळत नाही, पण बिघडतही नाही. तिरकं परतलेलं बहुतेक भलतीकडेच जातं.

मीठ हा खरा शत्रू. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. खांब ॲल्युमिनियमचा असेल तर खालचा पत्रा तांब्याचा ठेवू नका, फॉइलच घ्या, आणि तरीही खांब व फॉइल यांत पॉलिएस्टरची एक अखंड फिल्म द्या. लोखंडी खांब आधी घासून, प्रायमर मारून पूर्ण वाळवा. आवरणाखाली गंज धरला तर तो दिसत नाही, थेट फुगवटा दिसतो. वरची कड आणि उभा सांधा सिलिकॉन सीलंटने बंद करा. खालची कडही बंद करावीशी वाटेल, पण तिथे एक लहानशी जागा मोकळी सोडा. पाणी कुठून तरी शिरतंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी.

पृष्ठभागावर पाण्याचा सलग पातळ थर बसला तरी शोषक बिघडतो. वरची फिल्म गुळगुळीत, पाणी न धरणारी हवी, म्हणजे थेंब घसरून जातात. वाळलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून पुन्हा ओलं होतं, तेव्हा आठवड्याला गोड्या पाण्याने पुसायला सांगा. खलाशी केबिनची काच पुसतातच, त्याच फडक्याने होईल.

काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत उरका. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, तांडेलाला वेळ असतो. हवा मात्र दमट असते. गोंद बंद खोलीत, हीटर लावून वाळवा आणि तयार आवरणच बोटीवर न्या. चढवताना रडार बंद असल्याची खात्री मालकाकडूनच करून घ्या. फिरत्या अँटेनासमोर उभं राहून काम करायचं नाही.

मालकाला दोन गोष्टी आधीच सांगा. खांबामागचा आंधळा पट्टा शोषकाने उजळत नाही, खोटा ठिपका फक्त कमी होतो. आणि बोटीवर टांगलेल्या रडार रिफ्लेक्टरला हे आवरण चुकूनही लावायचं नाही. लाकडी किंवा फायबरची बोट मोठ्या जहाजाच्या रडारवर आधीच फिकी दिसते, ती दिसते त्या रिफ्लेक्टरमुळे. खांबावरही रडारच्या उंचीइतकाच पट्टा पुरतो, वर-खाली हातभर जास्त. उरलेला खांब उघडाच बरा.

आवरण कापताना त्याच फिल्मचा आणि फोमचा तीनशे मिमीचा एक चौरस तुकडा जास्तीचा बनवून, कडा तशाच बंद करून, बोटीच्या केबिनच्या छपरावर बांधून ठेवा. नारळी पौर्णिमेनंतर बोट दर्यावर जाऊन आली की तो तुकडा सोडवून बेंचवर न्या आणि ८.५ पासून ९.६ पर्यंत पुन्हा मोजा. आलेख पहिल्या आलेखावर ठेवा. सगळाच वर सरकला असेल तर शाईचा रोध बदलला आहे. खालच्या वारंवारतेकडे झुकला असेल तर फोममध्ये पाणी आहे, कड कुठे उघडली ते शोधा.